तळ्याकाठची शेंगांची गोदामं

बहात्तरच्या दुष्काळात मी सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून लागले. वय चोवीस, गाव करकंब, राहायला मावशीकडे. मावशीचं घर दोन खोल्यांचं आणि माणसं सात. मी काही रंगवायला बसले की जेवणाची वेळ व्हायची, मग मावशी चित्र उचलून भिंतीला टेकवायची आणि तिथंच ताटं मांडायची. एकदा तिनं ओलं चित्र पालथं ठेवलं. ते सतरंजीला चिकटलं, सतरंजीचे पट्टे चित्रावर उमटले. मावशीला फार वाईट वाटलं आणि त्यामुळं मला रागावताही आलं नाही. त्या संध्याकाळी मी ठरवलं की आपल्याला एक जागा बघायची. राहायला नाही, रंगवायला.

शाळेतल्या शिपाईमामांनी पत्ता सांगितला. गावाच्या कडेला एक तळं होतं. होतं म्हणजे तळ्याची जागा होती, पाणी त्या वर्षी नव्हतं. तळ भेगाळलेला, मधोमध हिरव्या चिखलाचं एक डबकं, आणि वारा सुटला की वास असा यायचा की रस्त्यानं जाणारे नाकाला पदर लावायचे. त्या काठावर दगडी भिंतींची आणि पत्र्याच्या छपराची सात गोदामं एका ओळीत उभी होती. एका अडत व्यापाऱ्याची ती गोदामं. एरवी भुईमुगाच्या शेंगांच्या पोत्यांनी भरलेली असायची. त्या वर्षी शेतात शेंगा आल्या नाहीत, म्हणून सातांतही एक पोतं नव्हतं.

मी मालकांना भेटायला बाजारातल्या दुकानात गेले. साठीचे गृहस्थ, कपाळाला भस्माचे पट्टे, पांढरं धोतर. घरच्यांशी कानडीत बोलायचे, गिऱ्हाइकांशी मराठीत. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा.

"एकट्या बाईमाणसाला गोदाम कशाला हवं?" त्यांनी विचारलं.

"चित्रं काढायला."

"काढून काय करता?"

म्हटलं, "ठेवते."

अण्णांनी गल्ल्यातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "ठेवायला जागा पाहिजे म्हणजे गोदामच की. घ्या शेवटचं. म्हैस बांधायलाबी कोण मागेना झालंय."

माझं गोदाम सातवं. आत शिरलं की शेंगांच्या फोलपटांचा वास यायचा आणि वरच्या झरोक्यातून दिवसभर सारखा उजेड. असा उजेड मी कधी पाहिला नव्हता. चित्र सकाळी जसं दिसे तसंच दुपारी दिसे.

पहिल्या गोदामात माझ्या आधी एक पेंटर आला होता. सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवायचा. टॉकीजमागची त्याची जागा गेली होती आणि वीस फुटी कापड ताणायला एवढी उंच भिंत गावात दुसरीकडं नव्हती. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो शिडीवर चढून एका नटीचा डोळा रंगवत होता. तो डोळा माझ्या हातापेक्षा लांब होता. खाली फरशीवर पोस्टकार्डाएवढा फोटो, त्यावर पेन्सिलीनं चौकोन पाडलेले. कापडावर तेवढेच मोठे चौकोन खडूनं.

"बाई, जरा लांबनं बघा आणि सांगा," तो वरूनच म्हणाला, "तिरळी दिसायली का?"

मी रस्त्यापर्यंत मागं गेले. नटी तिरळी दिसत होती. मी तसं ओरडून सांगितलं. आमची ओळख ही अशी झाली, आणि पुढं सात वर्षं मी त्याच्या प्रत्येक बोर्डासाठी रस्त्यापर्यंत मागं जात राहिले.

त्याच्या घरी तेलुगू बोलायचे आणि घरात चादरीचे माग होते. "आमच्यात सगळे धागा धरतात. मी एकटा ब्रश धरला," तो सांगायचा. "वडील अजून तोंडभरून बोलत न्हाईत. पण टॉकीजवरनं जाताना मान वर करतात, हे मी बघितलंय की."

मग तिसऱ्या गोदामात एक म्हातारे चाचा आले. ते हार्मोनियम दुरुस्त करायचे. गावात त्यांची दुकानाची खोली होती, पण तिथं शेजारच्या रंगारखान्याची ओल यायची. इथं ओल नव्हती, हेच त्यांचं सुख. पेटीचं झाकण काढून, एकेक पितळी सूर बाहेर काढून, त्याच्या जिभेला बारीक कानस लावायची, परत बसवायचा, भाता मारून ऐकायचं. पुन्हा काढायचा. एका सुरासाठी अख्खी दुपार जाई. मी विचारलं, कंटाळा येत नाही का? ते म्हणाले, "बेटी, तू एकच आभाळ तीन दिवसां रंगवती, तेरेको कंटाळा आता क्या?"

चौथं गोदाम मागवाल्यांच्या नाटकमंडळीनं घेतलं. पहिली पाळी संपवून आठदहा जण सायकलींवरून तालमीला यायचे. त्यांचा दिग्दर्शक स्वतः गिरणीत माग चालवणारा, काटकुळा, डोळे मोठे. दिवसभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय झाल्यानं त्याची सगळी पात्रं प्रेमाचे संवादसुद्धा किंचाळून म्हणायची. "अरे, ती तुझ्या शेजारी उभी हाय, शेजारच्या मागावर न्हाय!" असं तो स्वतःच किंचाळून सांगायचा. ऊन उतरलं की ते कोरड्या तळ्यात उतरून तालीम करायचे. भेगा पडलेल्या जमिनीवर त्यांनी चुन्यानं रंगमंचाची चौकट आखली होती. गोदामांपुढं स्टो मांडून चहा करणाऱ्या बाई, चारा शोधत आलेले धनगर, आम्ही, सगळे काठावर बसून बघायचो. सांगोल्याकडचा एक धनगर तर नाटकातला बाप मरतो त्या प्रवेशाला रोज मेंढरं थांबवायचा.

नाटकात काम करायला बाई मिळेना, म्हणून आईची भूमिका माझ्या गळ्यात पडली. मी घाबरत मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "आईचं काम आहे ना? मग करा. पण पाठांतर चोख हवं." प्रयोगाला त्या स्वतः पुढच्या रांगेत बसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्या तीन चुका सांगितल्या.

दोन वर्षांनी पाऊसमान सुधारलं, शेंगा अण्णा बाजाराजवळच्या नव्या गोदामात उतरवू लागले, आणि तळं काठोकाठ भरलं. चुन्याची चौकट पाण्याखाली गेली, नाटकवाले गोदामासमोरच्या ओट्यावर आले. सकाळी पाण्यावर बगळे, संध्याकाळी गार वारा. आम्हाला वाटलं, आता सगळं उत्तमच झालं. चाचा तेवढे कुरकुरायचे. "पानी आया, अच्छा हुआ. पर मेरे पेट्यांकू सर्दी हुई." खरंच, त्यांच्या पेट्यांची लाकडं फुगायला लागली होती. पण रविवारी सकाळी ते बाहेर सतरंजी टाकून वाजवायचे, पेंटर खाली बसून मांडीवर ठेका धरायचा, चहावाल्या बाई कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायच्या, आणि मी ओळीनं सगळ्यांची चित्रं काढायची.

हळूहळू गावातली माणसं फिरायला येऊ लागली. आधी कॉलेजचे एक प्राध्यापक आले, मग त्यांचे मित्र, मग स्कूटरवरून डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी. वास गेला होता, वारा होता, पेटी ऐकायला मिळत होती, पेंटरचे अर्धे रंगवलेले नट बघायला मिळत होते. सोलापुरात एवढी शोभेची जागा दुसरी नाही, असं लोक म्हणायचे आणि आम्ही लाजून हसायचो. पाचव्या गोदामात एकानं कॉफी मिळणारं उपाहारगृह काढलं, वेताच्या खुर्च्या मांडल्या. चहावाल्या बाईंनी आपला स्टो रस्त्यापलीकडं हलवला. कुणी त्यांना हलायला सांगितलं नव्हतं. "तिथं पाय पसरून बसाया येत न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी स्वतः त्या वेताच्या खुर्चीवर बसून कॉफी पीत होते.

एका सकाळी अण्णा एका इंजिनिअरला घेऊन आले. दोघं टेप धरून काठ मोजत होते. मोजून झाल्यावर अण्णांनी आम्हाला ओट्यावर बोलावलं. इकडचं तिकडचं न बोलता त्यांनी सांगून टाकलं, "हितं बंगल्यांची सोसायटी व्हायची हाय. दिवाळीपतोर गोदामं रिकामी करा."

मग दिग्दर्शक उसळला. "आमी आलो तवा हितं कुत्रं येत नव्हतं, अण्णा!"

"मीबी तेच म्हणतो," अण्णा शांतपणे म्हणाले. "कुत्रं येत नव्हतं तवा तुमाला दिलं. आता माणसं यायलीत. मी व्यापारी हाय, दडवून काय ठेवू?"

अण्णांनी आम्हाला कधी फसवलं नव्हतं. दिग्दर्शकाला मोर्चा काढायचा होता. चाचांना मोर्चाची भीती वाटत होती. मी त्या रात्री मावशीकडं नीट जेवलेसुद्धा नाही, आणि मावशीनं न विचारता माझं चित्र उंच फळीवर ठेवून दिलं.

पुढच्याच आठवड्यात पेंटर माझ्याकडं आला आणि दारातच उभा राहिला.

"बाई, अण्णांनी काम दिलंय. सोसायटीचा बोर्ड. हमरस्त्याला लावायचा, मोठा. बंगले कसे होणार ते दाखवायचं."

"तुम्ही नाही म्हणालात ना?"

"हो म्हटलं. मी व्हिलनबी रंगवतो की."

दिग्दर्शकाला हे कळलं तेव्हा त्यानं पेंटरशी बोलणं टाकलं. दोघं एका ओळीत राहून महिनाभर एकमेकांकडं पाठ करून चहा प्यायचे. मलाही पेंटरचा राग आला होता, पण तो मदत मागायला माझ्याकडंच आला. त्यानं जन्मात बंगला आतून पाहिला नव्हता. मीही नव्हता. मग एका रविवारी आम्ही दोघं रेल्वे लाइन्स या बंगल्यांच्या वस्तीकडं चालत गेलो आणि फाटकांतून बंगले बघत हिंडलो. एका फाटकातून कुत्रं भुंकत आलं, दुसरीकडं माळ्यानं आम्हाला लग्नाचं निमंत्रण द्यायला आलेली माणसं समजून पाणी दिलं. पेंटरनं विडीच्या कागदावर गच्च्या, खिडक्या, जिने टिपून घेतले. परत येताना आमची हसून पुरेवाट झाली आणि माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

पण बोर्ड जमेना. बंगले झाले, झाडं झाली, तळं निळंशार झालं. पेंटर समोर उभा राहायचा आणि मान हलवायचा. "मेलेला दिसायलाय," तो म्हणायचा. "माणूस न्हाई यात. माणसाबिगर बोर्ड चालत न्हाई."

"मग काढा माणसं."

"बंगल्यातली माणसं मला येत न्हाईत ओ. ओळखतच न्हाई कुणाला."

त्यानं मग ओळखीची माणसं काढली. तळ्याच्या पायरीवर पेटी घेऊन चाचा. हिरवळीवर हात वर करून संवाद म्हणणारी नाटकमंडळी, आणि अबोला असूनही त्यात दिग्दर्शक सगळ्यात देखणा. एका झाडाखाली चहावाल्या बाई पाय पसरून. मी चित्र काढत असलेली, पाठमोरी. यात कसली खोच नव्हती. त्याला हीच माणसं येत होती, म्हणून त्यानं ती काढली, आणि बोर्ड एकदम जिवंत झाला.

अण्णा बघायला आले. "बंगले चांगले झालेत. ही सगळी कशाला?"

"रिकामी जागा कोण घेणार, अण्णा?"

अण्णांना ते पटलं. बोर्ड हमरस्त्याला लागला.

पुढच्या रविवारी अण्णांनी तळ्याकाठी टेबल मांडलं आणि बंगला घेऊ पाहणारी माणसं येऊ लागली. मी गोदामाच्या दारात बसून ऐकत होते. डॉक्टरांच्या पत्नींनी नकाशा बघितला आणि विचारलं, "बोर्डावर आहेत ते पेटीवाले इथंच असतात ना? मला शिकायचीय." अण्णा म्हणाले, "हो हो, हितंच." प्राध्यापकांनी विचारलं, "नाटकाच्या तालमी इथंच होणार ना?" अण्णा म्हणाले, "हितंच की." तिसऱ्या कुटुंबानं मुलीच्या चित्रकलेच्या क्लासचं विचारलं आणि अण्णांनी हात करून मला दाखवलं. दुपारपर्यंत बरीच मंडळी हेच विचारून गेली, आणि प्रत्येकाला अण्णा हो म्हणाले. गिऱ्हाइकाला हो म्हणायची चाळीस वर्षांची सवय.

दोन दिवसांनी ते एकटेच माझ्याकडं आले. पहिल्यांदाच गोदामात आत येऊन बसले. चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

"बाई, पंचाईत झाली."

"काय झालं?"

"बोर्ड बघून माणसं आली. बोर्डावर तुमी हाय. मी सगळ्यांना हो म्हणून बसलो. आता तुमाला काढलं तर काय झालं ते?" ते स्वतःशीच बोलत होते. "वानगी एक दाखवायची आणि पोत्यात दुसराच माल, असं माझ्या बापानं कधी केलं न्हाई. मीबी केलं न्हाई. या वयात आता नवीन शिकू काय?"

"मग?"

"सगळी सात ठेवता यायची न्हाईत. इंजिनिअर मला खाईल. शेवटची दोन ठेवतो. तुमचं आणि त्याच्या अलीकडचं. तुमी आपसात ठरवा."

उपाहारगृहवाल्यानं बाजारात जागा बघितली होती; उरली दोन गोदामं आणि आम्ही चौघं. ओट्यावर बसून ठरवायचं होतं, आणि दिग्दर्शक व पेंटर एकमेकांशी बोलत नव्हते. मला वाटलं, आता भांडण होणार. पण पेंटरच आधी बोलला. एका नव्या टॉकीजच्या मागं त्याला भिंत मिळत होती, छप्परही मिळत होतं. "माझं कापड वाटणीतल्या भिंतीला मावणार न्हाई. बंगल्याच्या सावलीत रंगबी वाळायचा न्हाई. मी जातो."

दिग्दर्शक खाली बघत होता. मग म्हणाला, "मला बोर्डावर लई गोरा काढलास बे."

"तुझा खरा रंग आणायला काळ्याचा डबा संपला असता," पेंटर म्हणाला. सगळे हसले, चाचा सर्वांत जास्त. अबोला तिथंच मोडला.

सहावं गोदाम चाचांना आणि नाटकवाल्यांना मिळून दिलं. दुपारी पेट्या, पाच वाजल्यापासून तालीम. दिवाळीनंतर पाच गोदामं पाडली. मी त्या दिवशी शाळेतून मुद्दाम उशिरा गेले, म्हणजे बघावं लागू नये. तरी पेंटरच्या गोदामाची मागची भिंत उभीच होती आणि तिच्यावर सात वर्षांचे रंगाचे ओघळ, एकावर एक. पेंटर स्वतः बघायला आला होता. त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. "चांगली भिंत होती," म्हणाला आणि सायकलवर बसला. चहावाल्या बाई मात्र परत आल्या नाहीत. त्यांनी बाजारात गाडी लावली. मी जाता येता चहा घ्यायची, पण ओट्यावरची चव त्याला नव्हती, आणि याचा दोष चहाकडं नव्हता.

बंगले झाले, माणसं राहायला आली. ती वाईट नव्हती. सुरुवातीला एक निवृत्त पोस्टमास्तर तक्रार घेऊन आले. म्हणाले, दुपारी झोप लागत नाही, हा एकच सूर किती वेळ वाजवतात. चाचांनी त्यांना स्टूल दिलं. "साहेब, आप सुनो. मेरे कान अब बुढ्ढे हुए. ये दोनों बराबर है क्या?" पोस्टमास्तरांनी ऐकलं आणि सांगितलं की डावा किंचित चढलाय. आयुष्यभर तारेची कट्‍कट् ऐकलेला कान होता तो. चाचांनी कानस लावली, पुन्हा ऐकवलं. त्यानंतर पोस्टमास्तर रोज दुपारी यायचे आणि त्यांच्या पत्नी मला सांगायच्या की आता कुठं आपल्याला घरात झोप मिळते.

माझ्याकडं शनिवारी बंगल्यांतली आणि जवळच्या चाळींतली मुलं क्लासला यायची. बाकीचे दिवस गोदाम माझं. मी भरपूर रंगवलं त्या वर्षांत. फार मोठं असं काही नाही, पण मला पाहिजे तसं.

एकदा करकंबहून आई आली. तिनं माझी जागा कधी पाहिली नव्हती. तळ्याच्या पायरीवर तिनं पाय धुतले, आत आली, भिंतीला लावलेली चित्रं एकेक करून बघितली. शेवटी आमच्या म्हशीच्या चित्रापुढं थांबली.

"ही आपलीच का?"

"हो की."

"शिंगं चुकलीत. आपल्या म्हशीची शिंगं मागं खांद्यापतोर जात्यात. ही कुणाची म्हैस काढलीस तू?"

मी म्हटलं, करते नीट. ती समोर पोत्यावर मांडी घालून बसली आणि हातानं हवेत दाखवू लागली, कुठून निघतात, कुठं वळतात. मी पुसायची, ती नाही म्हणायची, मी पुन्हा काढायची. उजव्या शिंगाला ती एकदाची हो म्हणाली तेव्हा चार वाजले होते. मग आम्ही दोघी डाव्याला लागलो.